तुंबलेली न्हाणी आणि तीन पत्रं

बांबूची कामटी माडीवरून पाइपात गेली आणि खाली अंगणातल्या चेंबरमध्ये सरळ बाहेर आली. टोकाला ना केसांचा गुंता, ना चिंधी, ना साबणाचा गोळा.

कल्लाप्पा उकिडवा बसून त्या टोकाकडे बघत राहिला. निपाणी सोडून बंगळुरात आल्याला त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात शहरातल्या निम्म्या न्हाण्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. पाणी तुंबतं म्हणजे पाइपात काहीतरी अडकलेलं असतं. इथे काहीच अडकलं नव्हतं. तरी पाणी तुंबत होतं.

"निघालं का काही?" माडीच्या खिडकीतून दामोदर रिसबूड ओरडले.

"न्हाई साहेब. पाइप मोकळा हाय."

"मोकळा कसा असेल? आंघोळीनंतर अर्धा तास पाय बुडतात आमचे!"

कल्लाप्पा जिना चढून वर गेला. जयनगरातलं ते दुमजली घर अजून नवंच म्हणायचं, सहा वर्षांचं. माडीवर रिसबुडांचं बिऱ्हाड. ते सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळचे पुण्याचे. पत्नी शुभदाबाई आणि शाळेत गणित शिकवणारी बावीस वर्षांची मुलगी कल्पना. खाली घरमालकीण सगुणाबाई एकट्याच राहत.

त्याने बादलीभर पाणी न्हाणीत ओतलं. पाणी जाळीवर चढलं आणि थांबलं. मग कुणी गुळण्या कराव्यात तसा खालून आवाज आला. गुडगुड, गुडगुड. बऱ्याच वेळाने घोरल्यासारखा एक लांब सूर निघाला आणि सगळं पाणी एकदम ओढलं गेलं. पाठोपाठ गटाराची घाण नाकात शिरली.

तिच्या मागून आणखी एक वास आला. सांब्राणीच्या धुपाचा.

कल्लाप्पाने मान वर केली. "घरात धूप लावलाय?"

"नाही बाई," शुभदाबाई म्हणाल्या. "आमची पूजा सकाळीच झाली."

"हे कधीपासनं चाललंय?"

"दिवाळीनंतर सुरू झालं. आता मार्च आला. दिवाळीनंतर या घरात सगळंच तुंबलंय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दामोदर येरझारा घालत होते. "पाइप बदलून टाका. नवा घाला."

"कारण कळल्याबिगर बदलून काय उपेग साहेब? न्हाणी रोज कोण धुतं?"

कल्पना म्हणाली, "यल्लव्वा धुवायची. तिला काढली."

कल्लाप्पाचा हात बादलीवरच थांबला. चिक्कोडीकडची यल्लव्वा त्याच्याच गल्लीत, मागच्या अंगाला राहायची. तीन आठवडे ती उंबऱ्यावर बसून होती. एका दिवसात पाच घरची कामं सुटलेली. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "अण्णा, न बोललेल्या बोलण्याचा आळ आलाय माझ्यावर." ते घर हेच, हे त्याला आत्ता कळत होतं.

"चोरी केली का तिनं?"

"त्याहून वाईट," दामोदर म्हणाले. "पण त्याचा तुमच्या कामाशी काय संबंध?"

"बाबा, मी सांगते," कल्पना म्हणाली. तिने आतून तीन कार्डं आणली. हुबळीच्या, बेळगावच्या आणि पुण्याच्या अशा तीन स्थळांनी नकाराबरोबर ती परत पाठवली होती. तिन्हींवर मजकूर एकच, बोरूने काढल्यासारख्या ठळक अक्षरांत.

'मुलीस लहानपणी फेफरे येत असे. डॉक्टर बारे यांचे औषध तीन वर्षे चालू होते. घरचे लपवीत आहेत. एक हितचिंतक.'

कल्लाप्पाने एकेक अक्षर लावत तिन्ही वाचली. "हे खरं हाय का ताई?"

"खरं आहे. मी नऊ वर्षांची असताना दोनदा तापात झालं. पुन्हा कधीच नाही. पण आई-बाबांनी ठरवलं, बाहेर बोलायचं नाही."

"यल्लव्वाला ठाऊक होतं?"

"आम्ही तिच्यासमोर बोललोच नाही कधी," शुभदाबाई घाईघाईने म्हणाल्या. "पण घरात बाहेरचं माणूस ती एकटीच. दाराआडून ऐकलं असणार."

"तिला लिवाय येत न्हाई."

"कुणाकडून लिहून घेतलं असेल!" दामोदरांचा आवाज चढला. "अशी बाई दुसऱ्यांच्याही घरात नको, म्हणून या रस्त्यावरच्या चार घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो."

कल्लाप्पाने ओठ आवळले. "हे बारे डॉक्टर कुठलं?"

"बारे नाहीच," कल्पना म्हणाली. "घारे. नाव चुकलंय."

"यल्लव्वानं हे नाव ऐकलं होतं कधी?"

"ऐकलं म्हणजे? दिवाळीत घारे डॉक्टर आठ दिवस आमच्याकडे राहायला होते. त्यांची कॉफी तीच करायची. दिवसभर 'घारे डॉक्टर, घारे डॉक्टर' चाललेलं असायचं तिचं."

"असं होय. आनि या स्थळांचं बोलणं तुम्ही कुठं बसून करत होता?"

शुभदाबाई ओशाळल्या. "इथेच. न्हाणीत, दार लावून. शुक्रवारी हिचे केस धुऊन पुसताना. हेही येऊन उभे राहायचे. स्थळाचं नाव, पत्ता, काय सांगायचं, काय नाही, सगळं इथेच ठरायचं. यल्लव्वाच्या कानावर जायला नको म्हणून."

"तुम्ही प्लंबर आहात की पोलीस?" दामोदरांनी विचारलं.

"पाणी कुठनं कुठं जातं ते बगतो साहेब," कल्लाप्पा म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

खाली सगुणाबाई कॉफी गाळत होत्या. साठीच्या, सडपातळ, पांढरं नेसणाऱ्या. तीन पिढ्या त्यांचं घराणं याच शहरात होतं.

"अय्यो, कल्लाप्पा! बा, बा, आत ये. स्वल्प कॉफी घे."

"घेतो अक्का. तुमच्या न्हाणीत पाणी तुंबतं का?"

"छे."

"वास?"

"वास कसला? काही नाही बा."

"वरनं पाणी सोडलं की गुडगुड?"

"मला तर ऐकू येत नाही. वय झालं."

पण मांजर मागच्या दाराने पाऊल न वाजवता आत आलं, तेव्हा त्याच्याकडे पाठ असूनही त्यांनी 'शुक' करून त्याला हाकललं. कल्लाप्पाने कॉफीचा घोट घेतला आणि न्हाणी बघायला गेला.

सकाळचे दहा वाजले होते आणि न्हाणीची फरशी कोरडी ठणठणीत होती. कोपऱ्यात धुपाटणं होतं, त्यातली राख अजून कोमट. पाणी जायच्या भोकावरची जाळी काढून भिंतीला टेकून ठेवलेली. भोकाशेजारी एक बसका पाट आणि वाळत टाकलेलं फडकं.

"आंघोळ कुठं करता अक्का?"

"मागे बंबाच्या खोलीत. गरम पाणी तिथेच असतं, सरी ना?"

"सरी. गच्चीची किल्ली देता का जरा?"

सगुणाबाईंनी भांडं खाली ठेवलं. "किल्ली हरवली बा. दिवाळीला म्हैसूरला गेले होते भावाकडे. आल्यावर आठ-दहा दिवसांत कुठे पडली कळलंच नाही. तेव्हापासून कुलूप तसंच."

कल्लाप्पा मान डोलवत बाहेर आला. ओसरीवर सुपात सांडगे होते, खडखडीत वाळलेले, कालपरवाचे. त्याने अंगणाकडे पाहिलं. फणसाच्या दाट सावलीत तिथे दुपारीही ऊन उतरत नसणार. तो फाटकाबाहेर पडला.

शेजारच्या घरी रंगकाम चालू होतं. रंगाऱ्यांची शिडी मागून तो त्यांच्या गच्चीवर चढला आणि मधला हातभर कठडा ओलांडून सगुणाबाईंच्या गच्चीत उतरला. दोन मिनिटांत परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

कल्पना शाळेतून परत येताना तो तिला कोपऱ्यावर भेटला.

"ताई, न्हाणी मी आज नीट करू शकतो. पन करणार न्हाई."

"का?"

"चार दिवस वास सोसा. परवा शुक्रवार. केस धुऊन पाणी ओढलं गेलं की आईंना सांगा, शाळेतल्या मोठ्या बाईंनी एक स्थळ सुचवलंय. नाव विठोजी पागे. पत्ता मी देतो तो. दोनदा मोठ्यानं सांगा. न्हाणीतच. आनि ही गोष्ट घरात दुसरीकडं कुठं काढू नका. आईंनाबी आधी कळू देऊ नका."

कल्पनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती हुशार होती. "यल्लव्वा परत येईल?" एवढंच तिने विचारलं.

"या पागेच्या पत्त्यावर पत्र आलं की बगू."

शुक्रवार गेला. शनिवारी कल्लाप्पाचं कामात लक्ष लागेना. एका पाइपाला त्याने उलटे आटे पाडले. रविवारी टपाल नव्हतं. घरी बसवेना म्हणून तो बळेपेटेत मेहुण्याच्या दुकानावर गेला. मेहुणा नागोजी शिंपी होता, आणि दिलेला पत्ता त्याच्याच दुकानाचा होता.

"भावजी, बसा तरी," नागोजी म्हणाला. "उभं राहून पत्र लवकर येतं व्हय?"

कल्लाप्पा बसला आणि परत उठला. आपलं चुकलं असेल तर? यल्लव्वाने कालच भांडी विकायला काढली होती. तिच्या चुलीवर एकच पातेलं उरलं होतं, हे त्याच्या बायकोने येऊन सांगितलं होतं. सोमवारी सकाळचं टपाल आलं, त्यात काही नव्हतं. दुपारच्यातही नव्हतं. रात्री त्याला झोप लागली नाही.

मंगळवारी अकराला पोस्टमन दारात थांबला. "इथे विठोजी बागे कोण आहे?"

"आण इकडं," कल्लाप्पा म्हणाला. अक्षर तेच, ठळक. मजकूरही तोच.

त्याच संध्याकाळी सगुणाबाईंच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. न्हाणीतला दोष सापडला, घरमालकिणीसमोर दाखवायचाय, असं कल्लाप्पाने कळवलं होतं. मागोमाग यल्लव्वा दारात आली, तशी दामोदर उठून उभे राहिले.

"हिला कशाला आणलंत?"

"दोष तिच्याच माथी मारलाय न्हवं साहेब? मग तिनंबी ऐकावं." कल्लाप्पाने यल्लव्वाला आत बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसली नाही.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं वहिनी?" त्याने शुभदाबाईंना विचारलं.

"गचके देत. थांबून थांबून."

"आनि वरच्या अंगाला दुसरं भोक पाडलं की?"

"धार लागते."

"का, तर वरनं वारा आत शिरतो. पाइपाचंबी तसंच. तुमच्या न्हाणीचा पाइप खाली गटाराला जातो, पन त्याचं दुसरं टोक गच्चीवर उघडं असतं. तिथनं वारा घेतला की पाणी सरसर उतरतं. ते टोक कुणी बंद केलं, तर पाइप मोकळा असून पाणी तुंबणार. मी गच्चीवर जाऊन बगितलं. पाइपाच्या तोंडावर गाडगं पालथं घालून चुना थापलाय."

"पण गच्चीला कुलूप आहे," दामोदर म्हणाले. "किल्ली हरवलीय."

"मग अक्कांचे सांडगे कुठल्या उन्हात वाळले? अंगणात तर ऊन पडत न्हाई. आनि गाडग्याशेजारी त्या दिवशी सांडग्याची फडकी पसरलेली होती."

सगुणाबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"आता दुसरं. प्रत्येक न्हाणीच्या भोकाखाली एक वाकडं नळकांडं असतं. त्यात वीतभर पाणी कायम साचून राहतं. ते पाण्याचं कुलूप. गटाराचा वास त्याच्या वर येत न्हाई. पन वरचा वारा बंद झाला, की उतरणारं पाणी हे साचलेलं पाणीबी ओढून नेतं. शेवटी घोरल्यासारखं वाजतं ना, तेवा कुलूप निघालेलं असतं. म्हणून तुमच्याकडं घाण येते."

"हे कळलं," दामोदर अधीरपणे म्हणाले. "पत्रांचं काय?"

"त्याच्यावरच येतो. वरची न्हाणी नि खालची न्हाणी एकाच पाइपावर हायेत. वरनं पाणी पडतं तेवा पाइपातला वारा खाली दाबला जातो आनि खालच्या न्हाणीतनं उसळतो. म्हंजे जास्त घाण, जास्त गुडगुड खाली पाहिजे. तुम्ही चार महिने ओरडताय. आनि अक्का म्हणतात, वास न्हाई, आवाज न्हाई. मग न्हाणीत धूप कशाला जाळायचा? त्या धुपाचा वास मला माडीवर आला. कुठनं आला? पाइपातनं. दोन्ही कुलपं निघाली असतील तर वास चढतो." तो थांबला. "आनि आवाज उतरतो."

शुभदाबाईंनी तोंडावर हात घेतला.

"न्हाणीत कुणी आंघोळ करत न्हाई, फरशी कोरडी. तरी भोकाची जाळी काढलेली, शेजारी पाट. साचलेलं पाणी टिपून घ्यायला फडकं. तिथं बसून वरचं बोलणं ऐकू येतं. पन पाइपातनं आवाज येताना अक्षरं घासली जातात. घारेचं बारे होतं. यल्लव्वानं आठ दिवस घारे डॉक्टरांना कॉफी दिली, ती बारे कशी सांगेल? त्या आठ दिवसांत अक्का म्हैसूरला होत्या. त्यांना ते नाव पाइपातनंच कळलं."

"हा सगळा अंदाज झाला," दामोदर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

कल्लाप्पाने खिशातून कार्ड काढलं. "शुक्रवारी ताईंनी न्हाणीत एका स्थळाचं नाव घेतलं. विठोजी पागे. असा माणूस न्हाईच. पत्ता माझ्या मेहुण्याच्या दुकानाचा. यल्लव्वा चार आठवडे या घरात फिरकली न्हाई. हे आज आलं. विठोजी बागे यांस." त्याने ते सगुणाबाईंच्या समोर ठेवलं. "अक्षर तुमचंच ना अक्का?"

"गाडगं मी ऐकायला नाही घातलं," सगुणाबाई म्हणाल्या. "सांडगे घालताना घाण यायची म्हणून घातलं. मग न्हाणीत वास सुटला. जाळी काढून वाकले, तर शुभदाचं बोलणं. म्हणत होती, लपवू या, लग्न झाल्यावर कोण विचारतं." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मी सोळा वर्षांची होते. पाठीवर कोडाचा डाग होता. माझ्या आईनेही हेच म्हटलं होतं. तिसऱ्या महिन्यात सासरच्यांनी मला टांग्यात बसवून परत पाठवलं. टांग्यातून उतरताना सगळी गल्ली दारात उभी होती. लोक मला विधवा समजतात. मी समजू देते. ही पोरगी तशी परत यायला नको होती."

शुभदाबाई रडू लागल्या. कल्पना उठून सगुणाबाईंच्या समोर जाऊन बसली.

"अक्का, मलाही लपवायचं नव्हतं. तुम्ही जिना चढून आला असतात, तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. खरंच सांगायचं होतं, तर पत्राखाली नाव का नाही घातलंत?"

सगुणाबाईंनी समोरचं कार्ड पालथं ठेवलं.

"आनि यल्लव्वाचं काय?" कल्लाप्पाने विचारलं.

"तिचं नाव मी घेतलं नाही."

"घेतलं न्हाई. दुसऱ्यांनी घेतलं तेवा गप बसला."

सगुणाबाईंनी कनवटीची गच्चीची किल्ली काढून समोर ठेवली आणि यल्लव्वाकडे न बघता हात जोडले. यल्लव्वाने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

अंधार पडायच्या आत कल्लाप्पाने गच्चीवर जाऊन चुना खरवडला, गाडगं उचललं आणि पाइपाच्या तोंडावर जाळीची टोपी बसवली. खाली येऊन दोन्ही न्हाण्यांत बादली बादली पाणी ओतलं. वरचं पाणी आवाज न करता निघून गेलं.

दामोदर जिन्याशी उभे होते. "यल्लव्वा, उद्यापासून कामावर ये," ते म्हणाले. "झालं गेलं विसरून जा."

"न्हाई साहेब," यल्लव्वा म्हणाली. "चार घरी तुम्ही जाऊन सांगितलं. आता चार घरी जाऊन परत सांगा. मी संगं येते."

दामोदरांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे. कल्पनाने वडिलांच्या चपला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

पहिल्या दारात ते अडखळले. "माझी चूक झाली. ही बाई निर्दोष आहे," एवढं बोलायला त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दारात थोडं सोपं गेलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी यल्लव्वाला तिथल्या तिथे उद्यापासून बोलावलं. चौथं दार उघडायला वेळ लागला. दामोदरांनी घसा साफ केला, तशी यल्लव्वा पुढे झाली.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "हितं मी सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मान ताठ ठेवून. तीन घरची कामं तिला परत मिळाली. रिसबुडांचं काम तिने पुन्हा धरलं नाही.